हार्ड डिस्क, एसएसडी आणि दादीची गाणी

मे महिन्याच्या सुट्टीत एक पालक घरी आले. कुवेतहून रजेवर आलेले. त्यांची मुलगी दहावीपर्यंत आमच्याच शाळेत होती, आता बारावी झाली, बीएस्सी आयटीला जाणार. सलाम-दुआ झाली, चहा झाला, मग त्यांनी खिशातून एक कागद काढला. दुकानदाराने दोन सेकंडहँड लॅपटॉपची माहिती लिहून दिली होती. किंमत जवळपास सारखीच. एकात एक टीबीची हार्ड डिस्क, दुसऱ्यात २५६ जीबीची एसएसडी.

"मिस, एक टीबी म्हणजे हजार जीबी ना? मग हजार सोडून अडीचशे कोण घेईल? पण पोरगी म्हणते अडीचशेवालाच घ्या. आता तुम्हीच सांगा."

मी उर्दू आणि मराठी शिकवते. कॉम्प्युटरचं माझं शिक्षण म्हणजे सगळ्या मास्तरांसारखं एमएस-सीआयटी. पण शाळेचं ऑनलाइन काम माझ्या गळ्यात पडलं, आणि गेल्या काही वर्षांत या दोन वस्तूंनी मला बरंच काही शिकवलं. त्या शिकवणीची फीही मी चांगलीच भरली आहे.

"मुलगी बरोबर सांगतेय," मी म्हटलं. "अडीचशेवाला घ्या. तो पळेल." त्यांनी मान हलवली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि गेले. ते गेल्यावर मला वाटलं, आपण अर्धंच उत्तर दिलं. उरलेलं अर्धं इथे लिहिते.

शाळेच्या ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर होता. सकाळी आल्यावर बटण दाबायचं, हजेरीपट घ्यायचा, पहिल्या तासाच्या वर्गाला गप्प बसवून यायचं, तेव्हा कुठे पडद्यावर चिन्हं दिसायला लागायची. मग यू-डायसची माहिती भरायला बसलं की प्रत्येक क्लिकनंतर ते छोटं गोल चक्र फिरत राहायचं. हेडमास्तरांनी तो भंगारात काढायचं ठरवलं होतं. शाळेचाच एक माजी विद्यार्थी, आता दुरुस्तीचं काम करतो, तो म्हणाला, "मिस, मशीन चांगलं आहे, फक्त हार्ड डिस्क बदला." त्याने आतली हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी बसवली. बाकी काहीच बदललं नाही. तोच प्रोसेसर, तीच रॅम. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं आणि मी हजेरीपट उचलेपर्यंत कॉम्प्युटर तयार. शिपाईमामा म्हणाले, "नवीन आणला काय?"

हे कसं झालं, ते समजून घ्यायला मला दोन्हींच्या आत काय चालतं ते बघावं लागलं. त्या मुलाने एक बिघडलेली हार्ड डिस्क उघडून दाखवली. आत आरशासारखी चकचकीत चकती, आणि तिच्यावर एक बारीकसा हात. लहानपणी अब्बांच्या एका दोस्तांकडे ग्रामोफोन पाहिला होता, तोच आठवला. फरक इतकाच, की ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते, आणि इथे टेकली तर संपलं. लॅपटॉपमधली चकती साधारणपणे मिनिटाला ५४०० वेळा फिरते, मोठ्या कॉम्प्युटरमधली बहुधा ७२०० वेळा. त्या वेगाने जी हवा खेचली जाते तिच्यावर हाताच्या टोकाचं वाचक डोकं तरंगतं, चकतीपासून अवघ्या काही नॅनोमीटर वर. आपल्या डोक्याचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. यावरून त्या फटीचा अंदाज करा. चकतीवर चुंबकीय लेप असतो. त्यातल्या बारीक बारीक जागांची चुंबकीय दिशा इकडे की तिकडे, यावरून शून्य आणि एक लिहिलं-वाचलं जातं.

ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क असलेलं यंत्र आणलं. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन टनभर, आणि त्यात मावायची फक्त ५० लाख अक्षरं. आज मोबाईलवर काढलेला एखादा चांगला फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. तिथपासून मुठीत मावणाऱ्या टीबीपर्यंत येण्यात अनेकांची अक्कल लागली. चकतीवरची अगदी क्षीण चुंबकीय खूण ओळखता यावी म्हणून जो शोध कामी आला, त्यासाठी आल्बर्ट फर्ट आणि पीटर ग्रुनबर्ग या दोघांना २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे जिला आपण 'जुनी' म्हणून नाक मुरडतो, ती वस्तू काही गावठी नाही.

पण तिची एक अडचण आहे, आणि ती स्वभावातलीच आहे. एखादी फाईल हवी असेल तर आधी हात योग्य वर्तुळावर सरकायला हवा, मग चकती फिरत फिरत योग्य जागा डोक्याखाली यायला हवी. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९०, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा सरासरी अर्ध्या फेरीनंतर येणार, म्हणून साडेपाच मिलिसेकंदांची वाट. हात सरकायला साधारण आणखी दहा. मिळून पंधरा-सोळा. ऐकायला हे काहीच नाही. पण हिशेब केला तर सेकंदाला फार तर साठ-सत्तर ठिकाणी जाऊन येणं शक्य होतं. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाईली इकडून-तिकडून वाचाव्या लागतात. वाचनालयात एकच शिपाई आहे, पुस्तकं चार मजल्यांवर पसरली आहेत, आणि चिठ्ठ्या हजार आल्या आहेत, असं समजा. शिपाई आळशी नाही. जिनेच फार आहेत.

एसएसडीत जिना नाही. तिच्यात काहीच हलत नाही. चकती नाही, हात नाही, मोटर नाही. आहेत फक्त चिप. मोबाईल, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड यांत जी फ्लॅश मेमरी असते, तिचीच ही थोरली बहीण. जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही फ्लॅश मेमरी घडवली. चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात विजेचा थोडासा भार कोंडून ठेवलेला असतो. वीजपुरवठा बंद झाला तरी तो तिथेच अडकून राहतो. कुठलाही कप्पा वाचायला साधारण सारखाच वेळ लागतो, आणि तो मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. जिथे हार्ड डिस्क सेकंदाला साठ-सत्तर ठिकाणी जाते, तिथे साधी एसएसडीही हजारो ठिकाणी जाऊन येते.

एक मोठी फाईल सलग वाचायची असेल तर फरक इतका नसतो. लॅपटॉपची हार्ड डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास देते. जुन्या मशीनला बसणारी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास, आणि नव्या लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीसारखी जी एनव्हीएमई असते ती तीन हजार आणि त्याहून पुढे. म्हणजे पाच पट, तीस पट. पण आपल्याला रोज जाणवतो तो हा फरक नव्हे, तो जिन्यांचा फरक. म्हणून जुन्या मशीनला स्वस्तातली एसएसडी लावली तरी ते तरुण होतं. शिवाय एसएसडी आवाज करत नाही, वीज कमी खाते, आणि चालू लॅपटॉप टेबलावरून घसरला तरी डोकं चकतीवर आपटण्याची भीती नाही. कारण दोन्ही तिच्यात नाहीतच.

इथपर्यंतचा धडा सोपा होता. पुढचा धडा मला पाण्याने शिकवला.

२२ जुलै २०२१. चिपळूणच्या माणसाला ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि पहाटे वाशिष्ठीचं पाणी गल्लीत शिरलं. आम्हाला पुराची सवय आहे, म्हणून आधी वाटलं पायरीला लागून जाईल. मग पाणी उंबऱ्यावर आलं, आणि मग धावपळ. कुरआन शरीफ, कागदपत्रांची पेटी, दागिने, तांदळाचं पोतं, अम्मीची औषधं, सगळं वर नेलं. गॅसचं सिलिंडरसुद्धा नेलं. कॉम्प्युटर कुणाला आठवलाच नाही. तो खालच्या खोलीत टेबलावर होता आणि पाणी टेबलाच्या वरपर्यंत गेलं.

त्या कॉम्प्युटरच्या ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर आमच्या दादीचा आवाज होता.

आम्ही कोकणी मुसलमान. आमच्याकडे लग्नघरात बायका गाणी म्हणतात. हळदीची, मेंदीची, नवरी निघताना रडवणारी. ती कुठल्या पुस्तकात नाहीत, निदान आमच्या दादीची तरी नव्हती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गाणं सुरू केलं की एका दमात वीस-पंचवीस कडवी, मध्येच नातेवाइकांची नावं गुंफून. २००८ साली एका चुलत बहिणीच्या लग्नात आणि नंतर दोन-तीन वेळा घरी बसवून, मी माझ्या साध्या मोबाईलवर तिची ४३ रेकॉर्डिंग्ज केली. काही गाणी, काही नुसत्या गप्पा. एकात ती गाता गाता थांबते आणि मला माझ्या लाडक्या नावाने हाक मारून म्हणते, "बंद कर गो तो डबा, पाणी दे आधी." २०११ मध्ये ती गेली. रेकॉर्डिंग्ज कॉम्प्युटरवर होती, मोबाईल कधीच बदलला होता. मी निश्चिंत होते. कॉम्प्युटरवर आहे म्हणजे आहे.

पूर ओसरल्यावर घरभर चिखल. आठ-दहा दिवस आम्ही तोच उपसत होतो. मग मी कॉम्प्युटरची पेटी उघडून घेतली, हार्ड डिस्क काढली, पुसली, तांदळात ठेवली, मग उन्हात ठेवली. ऑगस्टमध्ये जसं ऊन मिळेल तसं. पूर्ण वाळली याची खात्री झाल्यावर एकाकडून केबल आणून जोडली. आतून आवाज आला, टक्, टक्, टक्. मी काढली, परत जोडली. परत टक् टक्. असं चार-पाच वेळा केलं.

शेवटी एका नातेवाइकाने ती मुंबईला, बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणाऱ्यांकडे नेली. तिथल्या माणसाने मला फोन केला.

"ताई, पुरात भिजली होती का?"

"हो."

"तुम्ही वाळवली का?"

"हो, चांगली पंधरा दिवस."

"आणि मग चालू केली?"

"हो. चार-पाच वेळा."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने मला जे सांगितलं ते आधी माहीत असतं तर, असं आजही वाटतं. साध्या हार्ड डिस्कला एक बारीक भोक असतं, आत-बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. त्याला गाळणी असते. ती हवेतली धूळ अडवते, पण तासन् तास बुडवून ठेवलं तर पाणी अडवत नाही. पुराचं पाणी म्हणजे गाळ. ते आत गेलं. ओलं असेपर्यंत तो गाळ धुऊन काढण्याची काही तरी शक्यता होती. मी वाळवला, तो चकतीवर घट्ट बसला. आणि ज्या चकतीवर काही नॅनोमीटर उंचीवरून डोकं फिरतं तिच्यावर वाळलेल्या चिखलाचा कण म्हणजे डोंगर. मी जितक्या वेळा चालू केली, तितक्या वेळा डोकं त्या डोंगरांवरून खरडत गेलं. भिजलेली हार्ड डिस्क वाळवायची नाही, चालू तर मुळीच करायची नाही. तशीच ओलसर, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून जाणकाराकडे लगेच पाठवायची. तांदळाचा उपाय इथे उपाय नाही.

४३ पैकी एकही फाईल निघाली नाही.

मग मी एसएसडीची भक्त झाले. जिच्यात चकतीच नाही तिच्यावर ओरखडा कसला? पाण्याने चिपमधला भार पुसला जात नाही, हेही खरं आहे. भिजलेली एसएसडी जाणकाराने साफ केली तर डेटा मिळण्याची आशा असते. तीही ओली असताना चालू करायची नाही, एवढंच. मी शाळेतही सगळ्यांना सांगत सुटले, जुनं फेका, एसएसडी घ्या, काळजी मिटली.

काळजी मिटली नव्हती. २०२३ मध्ये प्रथम सत्राच्या परीक्षेच्या आठवडाभर आधी शाळेच्या एका लॅपटॉपने सकाळी बटण दाबल्यावर सांगितलं, ड्राइव्ह सापडत नाही. आदल्या संध्याकाळी मी त्याच्यावर काम करून उठले होते. सगळं उत्तम चाललं होतं. टक् टक् नाही, कुरकुर नाही, मंदावणं नाही. हार्ड डिस्क मरायच्या आधी बऱ्याचदा कण्हते, फाईल उघडायला वेळ लावते, विचित्र आवाज करते. आपल्याला निरोप घ्यायला थोडा वेळ मिळतो. ही एसएसडी मात्र झोपेतच गेली. पाचवी ते दहावीच्या उर्दूच्या आणि मराठीच्या प्रश्नपत्रिका तिच्यात होत्या. त्या आठवड्यात मी आणि माझी एक सहकारी रात्री दोनपर्यंत जागून इनपेजमध्ये पुन्हा टाइप करत बसलो.

याचंही कारण विचारलं. एसएसडीत चिपइतकाच महत्त्वाचा असतो तो तिचा मुनीम, म्हणजे कंट्रोलर. कुठल्या फाईलचा कुठला तुकडा कुठल्या कप्प्यात आहे याची वही त्याच्याकडे असते. आणि तो तुकडे एका जागी ठेवत नाही, सतत हलवत राहतो. कारण फ्लॅशच्या प्रत्येक कप्प्याचं आयुष्य मोजकं आहे. पुसून लिहिणं हजार-दोन हजार-तीन हजार वेळा झालं की तो थकतो. स्वस्त प्रकारात त्याहून लवकर. म्हणून मुनीम झीज सगळ्यांवर सारखी वाटून देतो. हे शहाणपणाचंच आहे, पण मुनीमच गेला तर वही गेली, आणि नुसत्या कप्प्यांतून काही जुळवणं फार अवघड होतं. अनेक ड्राइव्हमध्ये मजकूर सांकेतिक करून ठेवलेला असतो, तिथे तर जवळपास अशक्यच.

कप्प्यांच्या थकण्याला मात्र घाबरू नका. स्वस्तातल्या २४० जीबीच्या ड्राइव्हवरसुद्धा ८० टीबीपर्यंत लिहिण्याची हमी कंपनी देते. रोज २० जीबी लिहिलं, जे कुठला शिक्षक किंवा विद्यार्थी लिहीत नाही, तरी ४००० दिवस होतात. जवळपास अकरा वर्षं. तोवर लॅपटॉपच बदलेल.

घाबरायचं ते दोन दुसऱ्या गोष्टींना. पहिली अशी: हार्ड डिस्कवरची फाईल चुकून पुसली, तर तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथेच पडून असते आणि बऱ्याचदा परत मिळते. एसएसडीत विंडोज लगेच कळवते की ही जागा आता मोकळी, आणि ड्राइव्ह ती सवडीने खरोखरच साफ करून टाकते. तिथे 'अरे चुकून पुसलं' याला फारशी माफी नाही. याची दुसरी बाजूही सांगते. जुना लॅपटॉप विकताना किंवा कुणाला देताना हार्ड डिस्कवरचे घरचे फोटो नुसते डिलीट करून भागत नाही. ते दुसऱ्याला काढता येतात. पूर्ण डिस्कवर नव्याने लिहून मगच द्या.

दुसरी गोष्ट कपाटाची. एसएसडीतला कोंडलेला भार हळूहळू झिरपतो. वीज मिळत राहिली तर ड्राइव्ह त्याची काळजी घेते. कपाटात पडून राहिली तर कोण घेणार? या उद्योगाचं जे मानक आहे, त्यात घरगुती एसएसडीने आपलं ठरलेलं लिखाण पूर्ण केल्यावर, वीज न मिळता, ३० अंश तापमानात, एक वर्ष मजकूर सांभाळावा, एवढीच अपेक्षा आहे. नवी असेल तर ती त्याहून बरीच जास्त टिकते. पण उष्णता वाढली की मुदत घटते. त्यामुळे लग्नाचे फोटो एसएसडीत भरून, वीस वर्षांनी नातवंडांना दाखवू म्हणून कपाटात ठेवणं बरोबर नाही. हार्ड डिस्कवरची चुंबकीय खूण अशी झिरपत नाही, ती वर्षानुवर्षं टिकते. मात्र तिचे यांत्रिक भाग पडून राहिले तर अडकू शकतात, आणि आमच्या कोकणच्या हवेत जोडणीच्या पट्ट्यांना गंज धरतो. मोठ्या क्षमतेत ती अजूनही स्वस्त पडते. ज्याला आपण 'क्लाउड' म्हणतो, त्या मोठ्या कंपन्यांच्या गोदामांतही बहुतांश साठा अजून याच फिरणाऱ्या चकत्यांवर असतो. आपले फोटो आकाशात नसतात. कुठे तरी एखादी चकती फिरत असते.

म्हणून आता कुणी विचारलं, "दोघींत चांगली कुठली?" तर मी विचारते, "कशासाठी?" रोजच्या कामाला एसएसडी, यात शंका नाही. साठवणीला हार्ड डिस्क, कारण कमी पैशात जास्त मावतं. पण 'सुरक्षित कुठली?' असं विचारलं तर उत्तर आहे, कुठलीच नाही. एक आवाज करून मरते, दुसरी गुपचूप मरते, एवढाच फरक. एकीला पूर मारतो, दुसरीला तिचाच मुनीम. ज्या वस्तूची एकच प्रत आहे, ती वस्तू हरवायचीच शिल्लक आहे.

ही गोष्ट मला खरं तर कॉम्प्युटरवाल्यांकडून शिकायची गरज नव्हती. मदरशातल्या पोरालाही ती माहीत असते. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज, म्हणजे संपूर्ण कुरआन मुखोद्गत असलेले लोक, शहीद झाले. तेव्हा हजरत उमर (रजि.) यांना काळजी वाटली आणि त्यांनी खलिफा हजरत अबू बक्र (रजि.) यांना कुरआन एकत्र लिहून काढण्याचा आग्रह केला. ते काम हजरत झैद बिन साबित (रजि.) यांच्यावर सोपवलं गेलं. त्यांनी खजुराच्या फांद्यांवर, चपट्या दगडांवर लिहिलेलं आणि लोकांच्या हृदयात असलेलं, असं दोन्ही पडताळून गोळा केलं. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांनी त्याच्या प्रती करून वेगवेगळ्या शहरांत पाठवल्या. मी कुरआनची तुलना माझ्या फाईलींशी करत नाही, अल्लाह माफ करो. पण जपणं म्हणजे काय, हे त्या बुजुर्गांना नेमकं कळलं होतं. एका जागी ठेवायचं नाही. एकाच प्रकारे ठेवायचं नाही. पाठही हवं, लिहिलेलंही हवं, आणि ते एका गावात नको. आज कॉम्प्युटरची माणसं सांगतात की महत्त्वाच्या फाईलीच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. मी पहिल्यांदा हा नियम ऐकला तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, हे तर ऐकल्यासारखं वाटतंय.

दादीच्या गाण्यांचं पुढे काय झालं, तेही सांगते. पुरानंतर काही महिन्यांनी कुवेतमधल्या भावाशी बोलताना मी रडले. तो म्हणाला, "थांब, तू मला २०१० मध्ये पेनड्राइव्हवर काहीतरी दिलं होतंस." मला आठवतच नव्हतं. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर, फिरत्या हार्ड डिस्कवरच, १७ फाईली निघाल्या. जुन्या मोबाईलच्या त्या फाईली सहज वाजेनात, त्याने त्या एमपीथ्री करून पाठवल्या. अल्हम्दुलिल्लाह, १७ गाणी परत आली. मग मी फुफीकडे गेले. तिला आठवतील तेवढी आणखी काही गाणी तिच्या आवाजात घेतली. कडवी मागेपुढे होतात, पण आहेत.

पण 'बंद कर गो तो डबा' परत आलं नाही. कारण ते मी भावाला दिलंच नव्हतं. पेनड्राइव्ह भरताना मी नीटनेटकी गाणी तेवढी निवडली होती. ज्यात मध्येच खोकला आहे, कुणी हाक मारतंय, दादी पाणी मागतेय, ती 'खराब' रेकॉर्डिंग्ज मी वगळली होती. त्यासाठी ना हार्ड डिस्कला दोष देता येतो, ना पुराला. मोजक्या एमबीच्या फाईली होत्या. जागा भरपूर होती.

त्या पालकांना मी संध्याकाळी फोन केला. म्हटलं, लॅपटॉप अडीचशेवालाच घ्या, पण सोबत एक टीबीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्कही घ्या.

"म्हणजे शेवटी दोन्ही?" ते हसले.

"दोन्ही. आणि मुलीला सांगा, जे महत्त्वाचं आहे त्याची एक प्रत तुमच्याकडे कुवेतला असू द्या."

आमच्याकडे पावसाळ्याआधी आगोट भरतात. सुकी मासळी, कांदे, मसाला, कोकम, सगळं चार महिन्यांसाठी साठवून ठेवायचं. पुरानंतर मी त्यात एक काम वाढवलं आहे. जून लागायच्या आधी एका रविवारी लॅपटॉप काढते, बाहेरची हार्ड डिस्क जोडते, वर्षभरातलं सगळं तिच्यावर उतरवते, जुन्यातल्या दोन-चार फाईली उघडून वाजतात का ते बघते, आणि एक प्रत भावाला पाठवते. निवडत बसत नाही. खोकल्यासकट पाठवते. हार्ड डिस्क मग वरच्या मजल्यावरच्या कपाटात जाते, कुरआन शरीफच्या खालच्या फळीवर. यंदा फुफीने एका गाण्याच्या मध्येच थांबून सुनेला विचारलं, "भात बघितलास का गो?" तेही ठेवलं आहे.